जुन्या फोर-बाय-फोर पिकअपचे पाटे: उंचीच्या आधी बुश

दहा-बारा वर्षांची फोर-बाय-फोर पिकअप हातात आली की पोरांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "मागनं दोन इंच उचलूया, मोठे टायर टाकूया, नाद खुळा दिसंल." दिसेलही. पण जिने वर्षानुवर्षं गुळाचे रवे कोल्हापूरच्या मार्केट यार्डात ओढले आणि पावसाळे गगनबावड्याच्या तांबड्या चिखलात काढले, तिची दुखणी पाट्यांपाशी, म्हणजे मागच्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगपाशी, असतात. ती तशीच ठेवून गाडी उचलली तर आधीचा खडखडाट फक्त दोन इंच वर जातो. म्हणून क्रम असा धरा: आधी पाटे आणि बुश (पाट्याच्या टोकात पिनभोवती बसणारी रबराची किंवा धातूची नळी), मग ब्रीदर (अॅक्सलमधल्या हवेची टोपी). पैसे उरले तर टायर.

तपासणीला गॅरेज लागत नाही. रिकामी गाडी सपाट जागी लावा. मागच्या हबच्या मध्यापासून मडगार्डच्या काठापर्यंत दोन्ही बाजूंनी टेप लावून मोजा. अर्ध्या इंचाहून जास्त फरक आला तर कमी भरलेल्या बाजूचा पाटा बसला आहे असं समजा आणि तिथून बघायला सुरुवात करा. मग शॅकलपाशी (पाट्याचं मागचं टोक चासीला जोडणारी हलती कडी) पहार घालून उचका. रबर थोडं दबलं तर चालतं, 'टक्' असा लोखंडाचा आवाज आला तर बुश गेलं. शेवटी तारेच्या ब्रशने चिखल काढून बॅटरीच्या उजेडात एकेक पाटा बघा. सेंटर बोल्टच्या (सगळे पाटे मधोमध एकत्र धरणारा) आसपास आणि क्लिपांखाली गंजाची बारीक आडवी रेघ दिसली तर तो ओरखडा समजून सोडू नका. बहुतेकदा ती चीर असते.

पाटा उतरवताना

दोन-तीन दिवस आधीपासून सगळ्या बोल्टांवर रोज डिझेल मारा. आमच्याकडची माती नटात अशी बसते की घाईत पाना लावला तर नट सुटायच्या आधी बोल्टचं डोकं गोल होतं.

जमीन कडक आणि सपाट हवी. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा. हँडब्रेक मागच्या चाकांवर असतो, ती हवेत गेली की तो काहीच धरत नाही. मग गाडी उचलून चासीखाली, पाट्याच्या पुढच्या हँगरच्याही पुढे, दोन स्टँड लावा. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली डोकं घालायचं नाही, यात चर्चा नको. दुसरा जॅक अॅक्सलखाली घ्या, म्हणजे पाटा सुटल्यावर अॅक्सलचा भार ब्रेकच्या होजवर येणार नाही.

आता चाक, मग शॉकअपचा खालचा बोल्ट, मग यू-बोल्ट (पाटा अॅक्सलला आवळून धरणारे). अॅक्सल हळूच थोडा खाली घेऊन पाट्यावरचा ताण काढा. मग शॅकलची पिन, शेवटी पुढची पिन. पाटा उतरवायला दोघे लागतात, एकट्याने पराक्रम नको. पाटे सुटे करायचे असतील तर सेंटर बोल्ट खोलायच्या आधी ते व्हाइसमध्ये घट्ट आवळा. आतला ताण अचानक सुटला तर पाटा तोंडावर येतो.

मेन पाटा तुटला असेल तर जोडी बदला. एकीकडे नवा आणि एकीकडे थकलेला ठेवला तर गाडी कायम कलती उभी राहते. बसलेल्या पाट्याला गॅसवर लाल करून पुन्हा बाक देणारेही भेटतील. तसं करू नका. लाल केल्यावर पोलादाचं पाणी (कडकपणा) उतरतं आणि पाटा पहिल्या भरल्या खेपेतच परत बसतो.

बुशसाठी जुनी पिन आणि जुनं बुश घेऊन शिवाजी उद्यमनगरात जा. टर्नर (लेथवाला) समोर मोजून गनमेटलचं (पितळेसारख्या धातूचं) बुश काढून देईल. पण पिनला ग्रीसचं भोक आणि निप्पल नसेल तर गनमेटल कोरडं चालून पिनच खातं. रोज मालाची ने-आण असेल तर माझं मत साध्या रबराला. पीयू (पॉलियुरेथेन) बुश टिकतं, पण कडक असतं, आणि बसवताना ग्रीस विसरलात तर नव्या कोल्हापुरी चपलेसारखं करकरत राहतं.

बसवताना

सेंटर बोल्टचं डोकं अॅक्सलच्या सीटमधल्या भोकात नीट बसलं का, हे बोट घालून बघा. यू-बोल्ट नवेच घ्या. एकदा ताणलेला बोल्ट पुन्हा तशी पकड देत नाही. माझ्या गाडीला एका गॅरेजमध्ये जुनेच परत टाकले होते. करूळ घाट उतरताना मागे दोनदा 'कडाक्' झालं आणि गाडी खेकड्यासारखी तिरकी चालायला लागली. उतरून बघितलं तर यू-बोल्ट हाताने फिरत होते, सेंटर बोल्ट कातरला गेला होता आणि अॅक्सल एका बाजूने मागे सरकला होता.

चारही नट थोडे थोडे, तिरक्या जोडीने आवळा. दोन्ही पायांना वर सारखेच आटे दिसले पाहिजेत. शेवटचा जोर टॉर्क पान्याने, गाडीच्या मॅन्युअलमधल्या आकड्याप्रमाणे. रबरी बुशच्या पिना मात्र आत्ता नुसत्या हाताने बसवा. गाडी चाकांवर उतरवा, मागून दोन-चार वेळा दाबा आणि मग पिना आवळा. हवेत आवळल्या तर गाडी खाली बसताच रबर पिळलं जातं आणि थोड्याच दिवसांत फाटतं.

ब्रीदर

ही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित सुधारणा. अॅक्सल हाउसिंगवर छोटी टोपी असते, ती ब्रीदर. घाट चढून तापलेला अॅक्सल कुंभीकाठच्या ओढ्यात उतरला की आतली हवा आकसते. ब्रीदर चिखलाने बंद असेल तर सीलमधून पाणी ओढलं जातं, आणि टोपी पाण्याखाली असेल तर तिच्यातूनही. ड्रेन नट सैल करून चमचाभर ऑइल काढा. चहासारखं दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय, सगळं बदला. मग टोपी काढून डिझेलचा पाइप जोडा, तो पाट्याच्या हालचालीला पुरेल इतका ढिला ठेवून चासीवरून वर न्या आणि टोकाला छोटा फिल्टर लावा. दोन्ही अॅक्सलना आणि ट्रान्सफर केसलाही (पुढच्या-मागच्या अॅक्सलला ताकद वाटणारी पेटी).

उंची वाढवायचीच असेल तर ब्रेकचा होज आणि शॉकअप पुरतात का, प्रॉपेलर शाफ्टचा (अॅक्सलला फिरवणारा लांब दांडा) कोन किती बदलतो, हे आधी बघा. मागच्या अॅक्सलला दांडीने जोडलेला ब्रेकचा लोड व्हॉल्व्ह असेल तर गाडी उचलल्यावर त्याला ती रिकामी वाटते आणि तो मागचा ब्रेक कमी करतो. शिवाय मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळी होईल अशी गाडी बदलता येत नाही. पासिंगला अडवतात ते इथेच.

सगळं झालं की प्रत्येक नट आणि बोल्टवरून पांढऱ्या रंगाची एकच सरळ रेघ ओढा. रिकामी गाडी कोल्हापुरातून गगनबावड्याला नेऊन परत आणा, जाऊन-येऊन साधारण ११० किलोमीटर होतात. घरी आलात की आधी खाली वाकून रेघा बघा, तुटलेली दिसली तर तो नट फिरलाय. रेघा जुळल्या तरी यू-बोल्टना पुन्हा टॉर्क पाना लावा. नवे पाटे पहिल्या खेपेत बसतात आणि नट पाव फेरा तरी घेतात.