‘तेलाचा साठा ७५ दिवस पुरेल’ हा दावा कसा तपासायचा

कुठे युद्ध पेटलं की ऊर्जामंत्री सांगतात, ‘घाबरू नका, ७५ दिवसांचा साठा आहे.’ आकडा बहुधा खोटा नसतो. तो कशाने भागून काढलाय, एवढंच सांगितलेलं नसतं.

आधी चार आकडे मिळवा: रोजचा वापर, देशातलं उत्पादन, निव्वळ आयात (आयात वजा निर्यात, कच्चं तेल आणि तयार इंधन दोन्ही धरून) आणि एकूण साठा. आकडे टनांत असतील तर कच्च्या तेलाच्या एका टनाचे सरासरी ७.३३ बॅरल धरा. समजा वापर रोज १० लाख बॅरल, उत्पादन २ लाख, निव्वळ आयात ८ लाख आणि साठा ६ कोटी. वापराने भागा: ६० दिवस. आयातीने भागा: ७५. मंत्री यातला कुठला सांगणार, हे उघड आहे.

आयातीने भागणं ही लबाडी नव्हे. अरब देशांनी १९७३ मध्ये केलेल्या तेलबंदीनंतर १९७४ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेची ९० दिवसांची अट निव्वळ आयातीवरच मोजतात. पण ही संस्था साठ्यातून १० टक्के वजा करते, कारण टाक्यांच्या तळातलं तेल उपसता येत नाही. तसं केलं की ७५ चे साडेसदुसष्ट होतात. युरोपीय संघाने पळवाट आणखी अरुंद केली आहे: ९० दिवसांची निव्वळ आयात किंवा ६१ दिवसांचा वापर, यांपैकी जे जास्त भरेल तेवढा साठा हवा.

पुढचा प्रश्न मालकीचा. कंपन्यांकडच्या साठ्यातला बराचसा भाग शुद्धीकरण कारखाने चालू ठेवायलाच लागतो, तो संकटासाठी मोकळा नसतो. म्हणून सरकारी राखीव साठा वेगळा मागा. त्यात कच्चं तेल किती आणि डिझेल-पेट्रोल किती, तेही विचारा. कारखानाच बंद पडला तर कच्च्या तेलावर ट्रक धावत नाहीत.

सगळ्यात जास्त फसगत होते ती वेगाच्या बाबतीत. टाकी कितीही मोठी असो, पाणी नळाच्या तोंडाएवढंच येणार. अमेरिकेचा राखीव साठा टेक्सास आणि लुइझियानातल्या भूमिगत मिठाच्या पोकळ्यांत असतो. क्षमता सुमारे ७१ कोटी बॅरल, उपशाची कमाल मर्यादा मात्र दिवसाला ४४ लाख. शिवाय आदेश निघाल्यापासून तेल बाजारात यायला साधारण १३ दिवस. आपल्या उदाहरणात उपसा रोज ३ लाखांवर अडकत असेल, तर उपसण्याजोगे ५.४ कोटी बॅरल १८० दिवस चालतील. पण आयात पूर्ण थांबली तर पहिल्याच दिवसापासून रोज ५ लाखांची तूट. ‘दिवस’ या एककात ही तूट दिसतच नाही.

मग नकाशा उघडा. पाच देशांकडून तेल घेतो म्हणून पुरवठा सुरक्षित, असं सांगितलं जातं. पाचांचीही जहाजं इराणच्या आखाताच्या तोंडाशी असलेल्या होर्मुझच्या सामुद्रधुनीतूनच येत असतील तर तो एकच पुरवठादार समजा. २०२४ मध्ये या वाटेने रोज सुमारे २ कोटी बॅरल तेल जात होतं, जगाच्या वापराच्या जवळपास एक पंचमांश. सौदी अरेबियाची यान्बू बंदराला आणि अमिरातीची फुजैरा बंदराला जाणारी पाइपलाइन ही सामुद्रधुनी टाळते, पण सगळं तेल त्यांत मावत नाही. कतारच्या द्रवरूप वायूला तर दुसरी वाटच नाही. वायूसाठी युरोपचा निकष सोपा आहे: वायू पुरवणारी सर्वांत मोठी एक सुविधा (पाइपलाइन, टर्मिनल वगैरे) बंद धरा आणि वीस वर्षांतून एखादा येणारा कडाक्याच्या मागणीचा दिवस उरलेल्या क्षमतेत निभतो का, ते पाहा.

‘आयातीवरचं अवलंबन घटलं’ हा दावा आला तर अणुऊर्जेकडे बघा. प्रचलित आकडेवारीत अणुभट्टीची उष्णता देशी उत्पादन म्हणून नोंदवतात, मग युरेनियम बाहेरून आलेलं का असेना.

शेवटी साठा केव्हा उघडला, ते तपासा. पुरवठा तुटला म्हणून, की भाव चढले म्हणून? अमेरिकेने २०२२ मध्ये १८ कोटी बॅरल सोडायचं ठरवलं, तेव्हा युक्रेन युद्ध चालू होतं आणि नोव्हेंबरात मध्यावधी निवडणुकाही होत्या. वाद व्हायचा तो झालाच. अशा वेळी घोषणेपेक्षा अर्थसंकल्प वाचा. भरपाईच्या खरेदीसाठी वेगळी तरतूद आणि मुदत नसेल, तर पुढच्या वर्षी ‘७५ दिवस’ ऐकताना साठ्याचा आकडा नव्याने मागावा लागेल.