कॅम्पर व्हॅनचा रंग पावसाळ्याआधी सांभाळा

गगनबावडा किंवा आंबा घाटातून कॅम्पर व्हॅन कोल्हापुरात परतली की अंगावर तांबडी माती वाळून बसलेली असते. कोरडा फडका मारू नका. त्या मातीतले बारीक खडे पॉलिश पेपरचं काम करतात. आधी छतापासून खाली भरपूर पाणी मारा, मग कार शाम्पू आणि मायक्रोफायबरचं मऊ कापड. भांड्यांचा साबण नको, तो वॅक्सचा थर काढून टाकतो.

बॉडी फायबरची असेल तर काळं कापड फिरवून बघा. पांढरी भुकटी लागली म्हणजे उन्हानं जेलकोट, म्हणजे फायबरवरचा चकचकीत वरचा थर, मरायला लागलाय. मग नुसत्या वॅक्सनं भागत नाही: आधी हलक्या हातानं रबिंग कंपाऊंड (मेलेला थर घासून काढणारी पेस्ट), त्यावर वॅक्स, तेही सावलीत, बॉडी गार असताना. वॅक्स मे महिन्यात एकदा आणि पावसाळा सरल्यावर एकदा. मधेच पाण्याचे थेंब उभे न राहता पसरायला लागले, तर आधीच.

छतावरच्या व्हेंटभोवतीचं आणि खिडक्यांच्या कडेचं सीलंट, म्हणजे फटी बुजवणारा रबरासारखा थर, मात्र जूनच्या आत बघाच. केसाएवढी भेग असली तरी आपल्याकडचा पाऊस आतला प्लायवूड फुगवतो. आणि ताडपत्री आवळून झाकायची सवय सोडा: वाऱ्यानं फडफडून तीच रंग घासते, वर ओल कोंडते ती वेगळीच. हवा खेळेल असं कव्हर घ्या.