जर्मनीच्या हॉस्टेलमध्ये पंधरा जणांचं निरोपाचं जेवण: यजमानालाही बसून जेवता येईल असं

निरोपाच्या जेवणात सगळ्यात जास्त हाल यजमानाचे होतात. पाहुणे खातात, हसतात, फोटो काढतात, आणि ज्याच्यासाठी सगळे जमलेत तो घामाघूम होऊन भाताचा तिसरा कुकर उतरवत असतो. मी हे इतक्या जणांचं होताना पाहिलंय की आता कुणी "शेवटचं एकदा सगळ्यांना छान करून घालतो" म्हणालं की मी आधी विचारते, भात कशात करणार आहेस? बाकीचं सगळं जमतं. संध्याकाळी सहाला पाहुणे आले की तुम्ही हात धुऊन त्यांच्यात बसलेले असायला हवेत, आणि पुढचं सगळं त्या हिशेबानेच लिहिलंय.

तारीख

निघण्याच्या आदल्या रात्री जेवण ठेवू नका. त्या दिवशी खोलीची सफाई, किल्ल्या परत देणं, बॅगांचं वजन असतं आणि भांडी निम्मी वाटून झालेली असतात. आठवडाभर आधीचा शनिवार उत्तम. रविवारी सुपरमार्केट बंद, त्यामुळे कोथिंबीर विसरली तर विसरली. शिवाय रविवार दिवसभर शांततेचा मानतात. उन्हाळी सत्र संपताना जात असाल तर आणखी थोडं आधी धरा, कारण जुलैत वर्ग संपले की निम्मे मित्र परीक्षांत बुडालेले असतात आणि उरलेले घरी पळालेले असतात.

जाता जाता, नगरपालिकेतली पत्त्याची नोंद रद्द करण्याचं काम. ते घर सोडण्याच्या फार तर एक आठवडा आधी करता येतं आणि सोडल्यानंतर दोन आठवड्यांच्या आत व्हावं लागतं. म्हणजे ते नेमकं याच आठवड्यात येतं. जेवणाच्या दिवशी ते ठेवू नका, एवढंच.

आमंत्रण

संध्याकाळी सहा. आठ नाही. रात्री दहानंतर आवाज चालत नाही, आणि निरोपाच्या जेवणाला लोक लवकर उठत नाहीत. जर्मन वर्गमित्र सहा म्हणजे सहालाच बेल वाजवतील. आपल्याकडचे सव्वासातला "निघालोच" असा मेसेज टाकतील. दोघांनाही तीच वेळ सांगा. आपल्यांना मुद्दाम अलीकडची वेळ सांगण्याची चलाखी करू नका, एखादा खरंच त्या वेळी येतो आणि कांदा चिरायला बसतो.

मेसेजमध्ये तीन गोष्टी स्पष्ट लिहा: स्वतःची ताटली आणि चमचा आणा, उरलेलं न्यायला रिकामा डबा आणा, आणि काय चालत नाही ते कळवा. "काही आणू का?" असं जर्मन मित्र विचारतातच. संकोचून "नको नको" म्हणू नका. केक सांगा, तो ते मनापासून करतात, आणि गोडाची तुमची कटकट मिटते. जेवणाचे पैसे मात्र कुणी देऊ केले तरी घेऊ नका. बोलावणारा खर्च करतो हे तिथेही तसंच आहे.

मजल्यावरच्या सगळ्यांना बोलवा, न आवडणाऱ्यालाही. त्याचं स्वयंपाकघर तुम्ही अख्खी दुपार अडवणार आहात. दारावर चार दिवस आधी चिठ्ठी लावा.

काय करायचं

छोले, मसुरीची आमटी, भात, काकडीची कोशिंबीर. पोळ्या नाहीत. पंधरा जणांच्या पोळ्या करायला निघालेला माणूस निरोप घेत नाही, पोळ्या करतो. पनीर, पुलाव, तीन भाज्या हेही नाही. तुमच्या हातची आमटी ज्यांनी परीक्षेच्या रात्री खाल्लीय त्यांना तीच हवी असते.

छोल्यांसाठी डबाबंद चणे घ्या, आठ डबे पुरतात. भिजवणं नको, कुकर नको. लाल मसूर कुठल्याही दुकानात मिळते आणि साध्या पातेल्यात वीस-पंचवीस मिनिटांत शिजते. तिखट कमी ठेवा आणि मिरचीचा ठेचा वाटीत वेगळा ठेवा. दोन्ही पदार्थ तेलात करा, तुपात नाही, म्हणजे व्हीगन मित्रांसाठी वेगळं पातेलं लागत नाही. कोशिंबिरीचा अर्धा भाग दह्याशिवाय काढून ठेवा. मांस न घातल्याने हलालचा प्रश्नच येत नाही, फक्त कुणी जेलीची गोळ्या-चॉकलेटं आणली तर ती वेगळी ठेवा, त्यातलं जिलेटिन बहुधा डुकराचं असतं.

ॲलर्जीबद्दल जरा गंभीर व्हा. युरोपीय नियमांनुसार १४ ॲलर्जीकारक घटक पाकिटावर ठळक छापावे लागतात, आणि त्यात शेंगदाणे, काजू, तीळ, दूध यांच्या जोडीला मोहरीही आहे. म्हणजे आपली फोडणी थेट त्या यादीत येते. दुसरी छुपी गोष्ट हिंग. बाजारातल्या हिंगाच्या डबीत बरेचदा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं, त्यामुळे ग्लुटेन न चालणाऱ्याला "यात गहू नाही" असं छातीठोक सांगण्याआधी डबी वाचा. प्रत्येक पातेल्यासमोर कागदावर सगळे जिन्नस लिहून ठेवा. जेवताना पंधरा वेळा तेच सांगावं लागत नाही.

छोले आणि आमटी दुपारी चारपर्यंत तयार हवेत. फोडणी करताना खिडकी उघडी आणि बाहेरच्या पॅसेजचं दार बंद. लोक नेमकं उलटं करतात. धूर जावा म्हणून दार उघडतात, धूर पॅसेजमध्ये जातो आणि तिथला अलार्म बोंबलतो. काही इमारतींत तो अलार्म थेट अग्निशमन दलाला जोडलेला असतो आणि त्यांची गाडी येऊन उभी राहते. अलार्मवर प्लॅस्टिकची पिशवी बांधण्याचा सल्ला देणारे महाभाग भेटतील. त्यांचं ऐकू नका. लाल मिरच्या तेल उतरवल्यावर घाला, धूर होतच नाही.

भात

आता मुख्य दुखणं. पंधरा जणांना एक किलो बासमती लागतो. तो हॉस्टेलच्या विजेच्या हॉटप्लेटवर एका मोठ्या पातेल्यात नीट होत नाही. तुमचा हात कितीही बसलेला असो, होत नाही, आणि त्याची कारणं आहेत. प्लेट असते साधारण १८ सेंटिमीटरची, पातेलं त्याहून बरंच रुंद. मधला भात जळतो, कडेचा कच्चा राहतो. एवढं पाणी उकळायलाच इतका वेळ जातो की तांदूळ आधीच फुगून चिकट होतात. आणि लोखंडी प्लेट बंद केली तरी बराच वेळ तापलेली राहते. गॅसवर आपण आंच कमी करतो आणि ती त्या क्षणी कमी होते. इथे "मंद" केल्याचा परिणाम पातेल्याला बऱ्याच उशिरा कळतो, तोवर तळ लागलेला असतो.

कुकरवाले सांगतील तीन वेळा लावा. लावा, पण मग पहिला भात गार, दुसरा गिचका आणि तुम्ही स्वयंपाकघरात. मायक्रोवेव्हमध्ये वाटीवाटीने करणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. सकाळीच करून ठेवणं तर सगळ्यात वाईट, त्याचं कारण खाली येतंय.

भात ओव्हनमध्ये करा. हे ऐकून नाक मुरडणारे बरेच भेटले, भात खाऊन गप्प बसलेले त्याहून जास्त.

दोन खोल बेकिंगची भांडी घ्या, काचेची किंवा चिनी मातीची, मजल्यावर कुणाकडे तरी असतातच. पाच वाजता तांदूळ पाणी स्वच्छ येईपर्यंत धुऊन अर्धा तास भिजवा. मग चाळणीत पूर्ण निथळू द्या. इथे घाई केली तर पुढचं सगळं माप चुकतं, कारण चाळणीत राहिलेलं पाणी कुणी मोजत नाही. प्रत्येक भांड्यात अर्ध्या किलोचा तांदूळ पसरा, वर चमचाभर तेल आणि दोन लहान चमचे मीठ.

ओव्हन आधीच २०० अंशांवर तापलेला हवा. बटणावर वर आणि खाली अशा दोन रेघांचं चिन्ह असतं, ते लावा. पंख्याचं चिन्ह वापरलं तर १८० पुरे. खालची जाळी अर्धी बाहेर ओढून भांडी तिच्यावर ठेवा आणि किटलीतलं उकळतं पाणी तिथेच ओता, एका भांड्याला ८०० मिलिलिटर. कोमट नाही, "मघाशी उकळलेलं" नाही. पाणी भरून मग भांडं उचलायला गेलात तर हातावर सांडेल, म्हणून जागेवरच ओतायचं. गार काचेवर एकदम कढत पाणी पडलं तर ती तडकू शकते, म्हणून भांडं काचेचं असेल तर आधी गरम पाण्याने धुऊन घ्या.

आणि मग फॉइल. सगळा भात या फॉइलवर अवलंबून आहे. दुहेरी थर घ्या, कडेने घट्ट दाबून बसवा, कुठेही फट नको. वाफ निघाली की वरचा थर कडक राहतो आणि मग लोक माझ्या मापाला दोष देतात. तीस मिनिटं ओव्हनला हात लावू नका. कितीही मोह झाला तरी फॉइल उचलून पाहू नका.

तीस मिनिटांनी एक कोपरा उघडून काट्याने दाणा काढा. टणक असेल तर अर्धा कप उकळतं पाणी शिंपडा, फॉइल परत बसवा, आणखी सात मिनिटं. शिजला असेल तर बाहेर काढा आणि झाकलेलाच पंधरा मिनिटं ठेवा, मग काट्याने हलका मोकळा करा. चमच्याने ढवळू नका. जाड टॉवेलात गुंडाळला तर पाऊण तास छान गरम राहतो. भांडी साडेपाचच्या सुमारास आत गेली तर पाहुण्यांची पहिली ओळखपाळख होईपर्यंत भात तयार असतो, आणि या सगळ्या वेळात तुम्हाला काहीच करायचं नसतं.

ओव्हनच नसेल तर दोन मजल्यांवरची दोन स्वयंपाकघरं मागून घ्या आणि प्रत्येकात अर्धा-अर्धा किलो करा. एकाच प्लेटवर हट्ट नको.

उरलेला भात टेबलावर रात्रभर ठेवू नका. शिजवल्यावरही टिकून राहणारे जीवाणूंचे बीजाणू तांदळात असतात, कोमट भातात ते वाढतात आणि त्यांचं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. सकाळी करून संध्याकाळपर्यंत बाहेर ठेवू नये म्हणते ते यासाठीच. दोन तासांच्या आत डब्यांत भरून फ्रिजमध्ये, किंवा पाहुण्यांच्या डब्यांत.

जेवण झाल्यावर

मसाले, कुकर, लाटणं, अर्धी तांदळाची पिशवी, जे जे नेणार नाही ते टेबलावर मांडा आणि जेवणानंतर उचलायला सांगा. कुकरवर आधीच एखाद्याचं नाव चिकटवून ठेवा, नाहीतर दोघं नेमके त्याच्यावरच अडतात. हळदीचा डबा देताना वापरायची रीतही सांगा, नाहीतर तो वर्षभर शोभेला राहतो.

ओट्यावरचे हळदीचे डाग त्याच रात्री पुसा. खोलीची अनामत रक्कम परत देताना तपासणारा माणूस पिवळ्या डागांवर बोट ठेवतोच. प्लॅस्टिकच्या चमच्यावर डाग बसलाच तर तो उन्हात ठेवा, फिका पडतो.

रिकाम्या बाटल्या फेकू नका, विकत घेताना त्यांच्यावर अनामत भरलेली असते. प्लॅस्टिकच्या एकवापर बाटलीमागे आणि कॅनमागे २५ सेंट, बिअरच्या साध्या काचेच्या बाटलीमागे ८ सेंट परत मिळतात. आवरायला थांबलेल्याला त्या पिशव्या देऊन टाका. अनामत नसलेल्या काचेच्या बरण्या मात्र रविवारी रस्त्यावरच्या डब्यात टाकायला जाऊ नका. तो आवाज खपवून घेत नाहीत, आणि खिडकीतून ओरडणाऱ्या आजोबांना तुम्ही पुढच्या आठवड्यात जाणार आहात याच्याशी काही देणंघेणं नसतं. सोमवारी दिवसा टाका.