अमेरिकेच्या मिडवेस्टात सहलीला निघताय? आधी या चुका टाळा

मे महिना लागला की माझा फोन वाजायला लागतो. "दादा, आई-बाबा आलेत पुण्याहून. लाँग वीकेंडला कुठे नेऊ?" मी तोंड उघडेपर्यंत व्हॉट्सॲपवर यादी येऊन पडलेली असते. शुक्रवारी ऑफिस सुटलं की शिकागोहून विस्कॉन्सिनची डोअर काउंटी, शनिवारी मिशिगनचं मॅकिनॉ आयलंड, रविवारी मिशिगनमधल्याच स्लीपिंग बेअर ड्यून्सच्या वाळूच्या टेकड्या, रात्री घरी. ही यादी हल्ली एआय करून देतो, पूर्वी मेहुणा करून द्यायचा. दोघांनीही ती गाडी स्वतः चालवलेली नसते.

नकाशात डोअर काउंटी आणि स्लीपिंग बेअरजवळची ट्रॅव्हर्स सिटी समोरासमोर दिसतात, मधे फक्त निळा पट्टा. तो पट्टा म्हणजे लेक मिशिगन. लांबी सुमारे 494 किलोमीटर, रुंदी काही ठिकाणी 190. मुंबईपासून दक्षिणेला ठेवलं तर हे 'तळं' गोवा ओलांडून जाईल. पलीकडे जायचं तर वरून मॅकिनॉ ब्रिजवरून किंवा खालून शिकागोवरून पूर्ण वळसा. विस्कॉन्सिनच्या मॅनिटोवॉकहून मिशिगनच्या लडिंग्टनला एसएस बॅजर ही जुनी कोळशावरची बोट गाड्या घेऊन जाते, पण तिलाही चार तास लागतात. वरच्या यादीत नुसतं ड्रायव्हिंगच अठरा तासांच्या आसपास भरतं. आई-बाबा अमेरिकेत येऊन काय बघतील, तर गाडीची मागची सीट. माझा नियम साधा आहे: एक ठिकाण, दोन रात्री. ज्यांना हे कमी वाटतं त्यांनी मला विचारू नये.

आता घड्याळाची गोष्ट. ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणून जरा सविस्तर.

शिकागो आणि विस्कॉन्सिन सेंट्रल टाइमवर, मिशिगन बहुतेक ईस्टर्नवर, म्हणजे एक तास पुढे. हे सगळ्यांना माहीत असतं. पण मिशिगनच्या अप्पर पेनिन्सुलात (मॅकिनॉ ब्रिजपलीकडचा वरचा भाग) विस्कॉन्सिनला चिकटलेल्या चार काउंट्या, म्हणजे जिल्हे, सेंट्रलवरच आहेत. म्हणजे राज्याची हद्द ओलांडली तरी वेळ बदलत नाही. ती बदलते पुढे, झाडीत कुठेतरी, एका छोट्या पाटीपाशी. आम्ही विस्कॉन्सिनच्या ग्रीन बेला मुक्काम करून अप्पर पेनिन्सुलातल्या, लेक सुपिरिअरकाठच्या म्युनिसिंगला निघालो होतो. पिक्चर्ड रॉक्सचे रंगीत कडे दाखवणाऱ्या बोटीची दोनची तिकिटं, गाडीत सासू-सासरे. मॅपने साडेतीन तास सांगितले, आम्ही पावणेदहाला निघालो, मी मनात बेरीज केली: सव्वाएक. चिक्कार वेळ! मेनोमिनीला राज्य बदललं, मी फोनकडे बघितलं, वेळ तीच. म्हटलं, चला, इथे काही भानगड नाही. मग ऐटीत थांबून कॉफी घेतली, सासऱ्यांना किनारा दाखवला.

धक्क्यावर पोचलो तेव्हा गाडीच्या घड्याळात एक वाजून वीस मिनिटं झाली होती. खिडकीतल्या मुलीने माझी तिकिटं बघितली आणि काही न बोलता बोटाने पाण्याकडे दाखवलं. आमची बोट खाडीच्या बऱ्याच आत गेलेली, मागे पांढरी रेघ. पुढच्या फेऱ्या भरलेल्या. दुसऱ्या दिवशी वारा सुटला, लाटा उसळल्या आणि सगळ्या फेऱ्या रद्द. ते रंगीत कडे पाण्यातूनच खरे दिसतात. सासऱ्यांनी ते शेवटी हॉटेलच्या लॉबीतल्या पोस्टकार्डावर बघितले आणि "छान आहेत" म्हणाले. हे वाक्य मला अजून टोचतं. मॅप पोहोचण्याची वेळ खाली बरोबर दाखवत होता, सव्वादोन. पण मी फक्त तास बघितले होते. तेव्हापासून मी बुकिंग करतानाच कागदावर लिहितो, 'त्यांचे 2 म्हणजे आपला 1', आणि तो कागद डॅशबोर्डला चिकटवतो. बायको हसते. हसू दे. बोट नेहमी सकाळची घ्यायची आणि मुक्काम आदल्या रात्री त्याच गावात करायचा, म्हणजे वाऱ्याने फेरी रद्द झाली तरी हातात आणखी एक वेळ राहते.

दुसरी माझी लाडकी चूक स्लीपिंग बेअरची. पिअर्स स्टॉकिंग नावाच्या रस्त्यावर एक जागा आहे जिथून वाळूचा कडा सरळ लेकमध्ये उतरतो. उंची साधारण 450 फूट. वर भली मोठी पाटी: खाली उतरू नका, परतीचा एकच रस्ता आहे आणि तो वर येतो, अडकलात तर सुटकेचा खर्च तुमच्याकडून. ही पाटी वाचून आपली मंडळी शेजारी उभं राहून फोटो काढतात आणि उतरतात.

माझा धाकटा मेव्हणा दर रविवारी सिंहगड चढणारा. "साडेचारशे फूट? अहो, आमच्याकडे याला टेकाडसुद्धा म्हणत नाहीत." तीन-चार मिनिटांत खाली, पाण्यात पाय, वर बघून हात हलवला. मग चढायला लागला. सिंहगडावर पाय टाकला की पाय तिथे राहतो. इथे पाऊल टाकलं की वाळू त्याला घेऊन खाली सरकते, दोन पावलं चढायची तेव्हा एक हाती लागतं. वाळू तापलेली, चपला त्याने खाली पाण्याशी सोडलेल्या, पाण्याची बाटली माझ्याजवळ वर. अर्ध्यावर आल्यावर तो दोन्ही हात टेकून रांगत होता. शेजारून एक सात-आठ वर्षांची मुलगी त्याला ओलांडून गेली. पावणेदोन तासांनी वर आला, बाटली एका दमात संपवली आणि गाडीत जाऊन बसला. सिंहगडाचं नाव त्या सहलीत पुन्हा निघालं नाही.

हौस फिटवायची असेल तर थोडं पुढे ड्यून क्लाइंब आहे. तिथे आधी चढायचं आणि मग उतरायचं, त्यामुळे दम संपला की सुटका सोपी. पोरांना तिथे सोडा, स्वतः सावलीत बसा.

बाकीच्या चुका पटापट. ऑगस्टच्या अखेरीस इलिनॉयच्या स्टार्व्ह्ड रॉक पार्कात धबधबे बघायला जाऊ नका, तेव्हा तिथे ओले दगड असतात. बर्फ वितळल्यावर किंवा दोन दिवस झोडपून पाऊस पडल्यावर जा, आणि सकाळी आठच्या आत, नाहीतर पार्किंगसाठीच घिरट्या. मॅकिनॉ आयलंडवर 1898 पासून मोटारींना बंदी आहे, त्यामुळे 'गाडीने हॉटेलच्या दारात सोडा' हा प्रकार नाही; बॅग तेवढीच घ्या जेवढी उचलता येते. नावात शेवटी 'सी' आहे, पण उच्चार मॅकिनॉच. विस्कॉन्सिन आणि मिशिगनच्या स्टेट पार्कात गाडीचा पास लागतो, इलिनॉयसारखं फुकट नाही. पानांचे रंग बघायचे तर 'ऑक्टोबरमध्ये कधीतरी' असं चालत नाही: अप्पर पेनिन्सुलात सप्टेंबरच्या अखेरीपासून सुरुवात होते, डोअर काउंटीत ऑक्टोबरच्या मध्यावर, इंडियानाच्या ब्राउन काउंटीत त्याहून उशिरा. आणि त्या दिवसांत अंधार पडल्यावर गाडी हळू, हरणं आडवी येतात.

खाण्याचं: छोट्या गावांत रात्री साडेआठ-नऊला स्वयंपाकघर बंद होतं. धपाटे, चटणी, दही सोबत ठेवा, लाजू नका. डोअर काउंटीचा फिश बॉइल मात्र बघाच. बटाटे, कांदे आणि व्हाइटफिश मोठ्या भांड्यात उकळत असतात, शेवटी माणूस जाळावर केरोसीन फेकतो आणि ज्वाळा उसळून वरचा फेस ओसंडून जातो. तमाशा फर्मास. चवीला कोकणी माणसाने खिशात तिखटाची पुडी ठेवावी.

शेवटचं म्हणजे माश्या. जुलै-ऑगस्टमध्ये लेक सुपिरिअरच्या किनाऱ्यावर दक्षिणेचा वारा सुटला की चावऱ्या माश्या येतात. दिसायला घरातल्या माशीसारख्याच, पण घोट्याला अशा चावतात की माणूस जागच्या जागी नाचतो. रिपेलंटला त्या फारशा जुमानत नाहीत. आम्ही सगळे हाफ पँट घालून ऐटीत गेलो होतो आणि दहा मिनिटांत गाडीकडे पळत सुटलो. वाळूवर एकट्या सासूबाई उरल्या, पायघोळ साडी, आत मोजे, थर्मासमधला चहा ओतत.