गेटलाइन आणि लूपमधलं फ्री: डबल फ्रीचा माझा अनुभव

आर्वीजवळच्या आमच्या गावात जिनिंगच्या वजनकाट्याच्या फाइली वाचणारा एक सी प्रोग्राम मी सांभाळतो. फाइलीतली एकेक ओळ तो गेटलाइन या फंक्शननं वाचतो. सोबत्यानं मेमरी मोकळी करायला फ्री या फंक्शनची एकच ओळ वाढवली आणि मला तपासायला दिली. काही फाइली नीट चालायच्या, काहींवर 'डबल फ्री डिटेक्टेड इन टीकॅश 2' (तीच मेमरी दोनदा मोकळी केली) अशी चूक येऊन प्रोग्राम मरायचा.

मशीन बदललं, ऑप्टिमायझेशन बंद केलं, फाइलीतल्या रिकाम्या ओळी काढल्या. काहीच नाही. कापसाच्या ऐन हंगामात दोन रात्री गेल्या!

मग हायफन-जी (अहवालात कोडच्या ओळींचे क्रमांक दिसावेत म्हणून) लावून पुन्हा कंपाइल केलं आणि व्हॅलग्राइंड या मेमरीच्या चुका शोधणाऱ्या साधनाखाली चालवलं. मोकळ्या केलेल्या जागेत गेटलाइन लिहीत होतं. त्याच अहवालात ती जागा कोणत्या ओळीवर मोकळी झाली तेही होतं: लूपमधलं नवं फ्री. गेटलाइन तोच बफर (ओळ साठवायची जागा) पुढच्या ओळीसाठी वापरतं. फ्री केल्यावरही पॉइंटर (त्या जागेचा पत्ता) आणि आकार जुनेच राहतात, म्हणून पुढच्या फेरीत तीच जागा पुन्हा फ्री व्हायची.

दुरुस्ती याच क्रमानं केली. लूपआधी पॉइंटर नल (रिकामा), आकार 0. लूपमधलं फ्री काढलं. फाइलीत चुकीची ओळ आली की थेट रिटर्न होतं, तिथं ब्रेक टाकला, म्हणजे शेवटचं फ्री चुकत नाही. लूप संपल्यावर एकच फ्री. गेटलाइननं उणे 1 (फाइल संपली किंवा वाचता आलं नाही) दिलं तरी हे फ्री लागतंच, भाऊ. सोबत्याला हेच पटत नव्हतं. नल पॉइंटरवरचं फ्री निरुपद्रवी, म्हणून आधी इफ लावलं नाही. फाइल बंद करणाऱ्या एफक्लोजला मात्र ही सवलत नाही, तिथं तपासणी ठेवली.

पुन्हा व्हॅलग्राइंड: चुका 0, सगळे ब्लॉक मोकळे. मग बदल मंजूर केला.