पावसाळ्यात अर्ध्यावर अडकणारं गॅरेजचं शटर

लक्षण: मुंबईतल्या पावसात हाताने ओढायचं रोलिंग शटर कमरेपर्यंत येऊन तिरकं अडकतं, करकरतं. चॅनलमध्ये (दोन्ही बाजूंच्या ज्या उभ्या खाचांतून शटर सरकतं) ग्रीस भरलं, शटरचं वजन पेलणारी वरची स्प्रिंग घट्ट करून घेतली, उपयोग शून्य. भिजत शटरशी झटापट करताना अक्षरशः रडकुंडीला आलो.

खरं कारण ग्रीसच होतं. त्यात धूळ-वाळू बसून घट्ट लगदा होतो आणि एक बाजू मागे राहते.

शटर पूर्ण वर घेऊन खाली भक्कम टेकू लावा. तारेच्या ब्रशने दोन्ही चॅनल खरवडा. तळाचे चार-सहा इंच नीट, लगदा तिथेच साचतो. रॉकेलच्या फडक्याने पुसा (जवळ ज्योत नको), मग कोरडं करा. चॅनलची कड आत दबली असेल तर लाकडी ठोकळा धरून हळू ठोकून सरळ करा. शेवटी सिलिकॉन स्प्रेचा पातळ हात द्या, टेकू काढा, शटर तीन-चारदा वर-खाली करा.

आता कमरेइतक्या उंचीवर हात सैल करून पाहा, पाय बाजूला ठेवून. शटर धाडकन खाली येत असेल तर स्प्रिंग सैल आहे. तिला स्वतः हात लावू नका: शटर बंद असताना ताण सर्वाधिक असतो, सुटली तर हाड मोडेल. ते काम शटरवाल्याचंच.