लष्करी औषधाच्या जुन्या बाटल्या: मोरीत नेण्याआधी थांबा

रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारातून बाटली आणायची आणि घरी येताच घासायला बसायचं, ही नव्या संग्राहकांची खोड काही जात नाही. बाटली चकचकीत होते. पण आत काय होतं हे सांगू शकणारा तळाचा थर गटारात जातो.

माझ्या एका मित्राने तर कहर केला. खांद्यावर ब्रिटिश सरकारी मालाचा बाण असलेली बाटली, आत पांढरी खपली. पठ्ठ्याने ती रात्रभर कपड्यांच्या पावडरीत भिजत घातली. मग कुठेतरी वाचलं की क्विनाइन अतिनील प्रकाशात निळं चमकतं. टॉर्च आणला, उरलीसुरली खपली निळी चमकली, झालं! हिवतापाच्या औषधाची बाटली म्हणून पेढे वाटायचेच बाकी होते. मी म्हटलं, "अरे, आता तोच टॉर्च तुझ्या शर्टावर मार." शर्टही तसाच चमकला. कपडे शुभ्र दिसावेत म्हणून पावडरीत जी द्रव्यं घालतात, तीही निळीच चमकतात. त्या बाटलीत खरंच काय होतं, ते आता ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही.

मी आधी फोटो काढतो. मग हातमोजे घालून खपली आणि बुचाचा तुकडा वेगवेगळ्या कुपीत ठेवतो, वर तारीख लिहितो. पाणी सगळ्यात शेवटी, तेही साधं. वास घेऊन ओळखणाऱ्यांना मी दारातूनच परत पाठवतो.

दुसरी चूक म्हणजे काचेवरची अक्षरं वाचून औषध ठरवणं. तो बाण, किंवा अमेरिकी यादवी युद्धातल्या (१८६१-६५) बाटल्यांवरचं 'यूएसए हॉस्प डेप्ट' (म्हणजे अमेरिकी लष्कराचा रुग्णालय विभाग), हे फक्त मालकाचं नाव. औषधाचं नाव बहुतेक वेळा कागदी चिठ्ठीवर असे, आणि कागद केव्हाच गेला. शिवाय दवाखान्यात तीच बाटली पुन्हापुन्हा भरली जाई. म्हणून माझ्या वहीत पुष्कळ ठिकाणी 'मालक लष्कर, औषध अज्ञात' एवढंच आहे. विकणाऱ्यांना हे आवडत नाही. 'अज्ञात'ला भाव येत नाही ना!

उभ्या धारांच्या निळ्या बाटलीला क्विनाइनची म्हणू नका. अंधारात हाताला कळावं म्हणून त्या धारा विषारी किंवा वरून लावायच्या औषधांच्या बाटल्यांना असत.

काचेची शिवण, म्हणजे साच्याच्या सांध्याची उभी रेघ, थेट बाटलीच्या ओठावरून गेली असेल तर बाटली यंत्रावरची, म्हणजे साधारण विसाव्या शतकातली. यादवी युद्धाच्या गोष्टी तिला चिकटवू नका.

क्लोरोडाइनचं नाव काचेवर दिसलं तरी हुरळू नका. भारतातल्या फौजेत डॉक्टर असलेल्या कॉलिस ब्राउनच्या या अफूमिश्रित औषधाच्या नकला भरपूर निघाल्या.

आणि बुचाभोवती पिवळे स्फटिक दिसले तर हात लावू नका. ते पिक्रिक ॲसिड असू शकतं; भाजल्यावर वापरायचं हे औषध स्फोटक म्हणून तोफगोळ्यांतही भरत. वाळलेलं असेल तर नुसत्या घर्षणानेही उडू शकतं. "बूच जरा फिरवून बघू का?" असं विचारायला मला फोन करू नका, पोलिसांना करा.